प्रतापसिंह हायस्कूल, सातारा : रजिस्टर क्रमांक १९१४ आणि एका शाळेचा इतिहास

दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रातील शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांत 'विद्यार्थी दिवस' साजरा होतो. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या गव्हर्न्मेंट हायस्कूलमध्ये एका नऊ वर्षांच्या मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरमधील नाव होते भिवा रामजी आंबेडकर, अनुक्रमांक १९१४, इयत्ता पहिली इंग्रजी. हे रजिस्टर शाळेने आजही जपून ठेवले आहे. तेच गव्हर्न्मेंट हायस्कूल आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखले जाते.

विद्यार्थी दिवसाच्या निमित्ताने समाजमाध्यमांवर भरपूर मजकूर फिरतो. त्यातला काही बरोबर असतो, काही अर्धवट, तर काही चक्क चुकीचा. म्हणून या शाळेचा इतिहास, त्या काळातील शिक्षणव्यवस्था, तिथे शिकलेली मुले आणि या शाळेचे आजचे महत्त्व यांची एकत्रित माहिती येथे देत आहोत.

शाळेची स्थापना आणि राजवाडा

सातारा ही मराठ्यांची राजधानी. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर पुन्हा बसवले. १७९३ मध्ये जन्मलेले हे महाराज शिक्षणाची आवड असलेले राजे होते. त्यांच्या काळात साताऱ्यात रस्ते झाले, पाण्याची सोय झाली, छापखाना आला आणि शिक्षणालाही आश्रय मिळाला. शहराच्या मध्यभागी असलेला जुना राजवाडा त्यांच्याच काळात, १८२४ च्या सुमारास बांधला गेला. पुढे इंग्रजांशी त्यांचे बिनसले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचे निधन झाले. १८४८ मध्ये लॉर्ड डलहौसीने सातारा संस्थान खालसा केले.

संस्थान खालसा झाल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत, म्हणजे १८५१ मध्ये, साताऱ्यात इंग्रजी शिक्षण देणारी सरकारी शाळा सुरू झाली. पुढे ती राजवाड्याच्या इमारतीत भरू लागली. ज्या वाड्यात कधी काळी छत्रपतींचे कुटुंब राहत होते, त्या वाड्यात जिल्ह्यातील मुले इंग्रजी, गणित आणि इतिहास शिकू लागली. स्वातंत्र्योत्तर काळात शाळेला प्रतापसिंह महाराजांचे नाव देण्यात आले. आज ही शाळा सातारा जिल्हा परिषदेमार्फत चालवली जाते.

'पहिली इंग्रजी' म्हणजे नेमके काय?

आजच्या वाचकांचा इथे हमखास गोंधळ होतो. 'पहिलीत प्रवेश' असे वाचले की आपल्याला सहा वर्षांचे मूल डोळ्यांसमोर येते. पण त्या काळी शिक्षणाचे दोन टप्पे होते. आधी मराठी शाळेतील इयत्ता पूर्ण करायच्या. त्यानंतर हायस्कूलमध्ये 'पहिली इंग्रजी' सुरू व्हायची. पहिली ते सातवी इंग्रजी असा हा प्रवास असे आणि सातवीच्या शेवटी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिकची परीक्षा. म्हणजे पहिली इंग्रजी ही आजच्या साधारण पाचवीच्या जागी येते.

भिवाचे शिक्षण ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुरू झाले नव्हते. त्याआधी तो साताऱ्याच्याच कॅम्प भागातील मराठी शाळेत शिकत होता. ७ नोव्हेंबर हा त्याच्या हायस्कूल प्रवेशाचा, म्हणजेच माध्यमिक आणि इंग्रजी शिक्षणाच्या प्रारंभाचा दिवस आहे. यामुळे त्या दिवसाचे महत्त्व कमी होत नाही, उलट वाढते. मराठी चार इयत्ता शिकलेली अस्पृश्य मुले तेव्हा थोडीफार सापडत. हायस्कूलची पायरी चढणारी मुले मात्र बोटांवर मोजण्याइतकीच होती. नोकरी, वकिली, कॉलेज, विद्यापीठ या सगळ्यांचा रस्ता हायस्कूलमधूनच जात होता.

शाळेचे दार कसे उघडले?

अस्पृश्य मुलाला सरकारी हायस्कूलमध्ये प्रवेश मिळाला, त्यामागे जवळपास पन्नास वर्षांचा संघर्ष आहे. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. अर्ज नाकारला गेला. त्या मुलाने थेट मुंबई सरकारकडे दाद मागितली. एका मुलासाठी बाकीच्यांची शाळा बंद पडेल, अशी भीती दाखवून सरकारने त्या वेळी अंग काढून घेतले. पण प्रकरण वरपर्यंत गेले आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला धोरण जाहीर करावे लागले. सरकारच्या पूर्ण खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या मुलांना खुल्या राहतील, असे ते धोरण होते. पुढे १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे सादर केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी हे धारवाड प्रकरण आवर्जून मांडले.

धोरण कागदावर आले, पण गावोगावच्या शाळा बदलल्या नाहीत. १८८२ मध्ये हंटर कमिशन आले. महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्या निवेदनात सरकारला खडसावले. शेतकऱ्यांच्या घामातून कर गोळा होतो आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, हा त्यांचा रोख होता. फुले घराण्याचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव ही दोन्ही गावे सातारा जिल्ह्यातलीच. हंटर कमिशनने खुल्या शाळांचे तत्त्व मान्य केले, पण ते सावधपणे अमलात आणावे, अशी पुस्तीही जोडली. या 'सावधपणा'चा अर्थ गावोगावी काय लावला गेला असेल, हे वेगळे सांगायला नको.

साताऱ्याची शाळा 'गव्हर्न्मेंट हायस्कूल' होती, म्हणजे पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणारी होती. त्यामुळे तिला जातीच्या कारणावरून दार लावून घेता येत नव्हते. खासगी शाळेचे चालक जी टाळाटाळ करू शकत होते, ती सरकारी शाळेच्या मुख्याध्यापकाला नियमाने करता येत नव्हती. ही शाळा सरकारी नसती, तर भिवाच्या शिक्षणाची वाट किती अवघड झाली असती, याचा विचार आज आपण जरूर करावा.

लष्करी छावणीतून आलेली मुले

दुसरा प्रश्न असा, की हायस्कूलपर्यंत पोहोचण्याइतके शिकलेले अस्पृश्य घर साताऱ्यात आले कुठून? याचे उत्तर लष्करात आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात महार सैनिक मोठ्या संख्येने होते. पलटणींच्या शाळांत सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण दिले जाई. बाबासाहेबांचे आजोबा मालोजी आणि वडील रामजी हे दोघेही लष्करात होते. रामजी सकपाळ सुभेदार पदापर्यंत पोहोचले आणि लष्करी शाळेत १४ वर्षे मुख्याध्यापक होते.

१८९२ मध्ये महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या दारातून अस्पृश्य समाजात अक्षर आले, तेच दार बंद झाले. त्यामुळे १८९० च्या दशकात दापोली, सातारा अशा ठिकाणी राहणारी पेन्शनर सैनिकांची कुटुंबे ही अशा साक्षर घरांची जवळजवळ शेवटची पिढी ठरली. भिवा त्याच पिढीच्या घरातला.

रामजी १८९४ मध्ये निवृत्त झाले. काही काळ दापोलीत राहून कुटुंब साताऱ्यात आले. १८९६ मध्ये साताऱ्यातच माता भीमाबाईंचे निधन झाले. आत्या मीराबाईंनी मुलांना सांभाळले. घरात कबीरपंथी वातावरण होते, भजन आणि पाठांतर होते. रामजी स्वतः मुलांचा अभ्यास घेत. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला त्यांनी भिवाकडून घोकून घेतली. त्या काळी इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाला तर्खडकरांशिवाय पर्याय नव्हता. शाळेतील इंग्रजी आणि घरातील इंग्रजी यांत घरचा वाटा मोठा होता, हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितले आहे.

वर्गाच्या आत

दार उघडले, पण वर्गात जागा मिळाली का? बाबासाहेबांनी आपल्या आत्मकथनपर लेखनात, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये, साताऱ्याच्या शालेय जीवनाचे वर्णन केले आहे. हुशारीच्या क्रमाने इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. वर्गाच्या कोपऱ्यात वेगळे बसावे लागे. बसायला घरून गोणपाट न्यायचे आणि संध्याकाळी परत आणायचे, कारण शाळेतला झाडू मारणारा नोकरही त्या गोणपाटाला हात लावत नसे.

पाण्याची कथा तर आणखी क्रूर. तहान लागली, तर स्पृश्य मुलगा मास्तरांची परवानगी घेऊन नळावर जाई. भिवाला केवळ परवानगी पुरत नसे. नळ उघडायला शिपाई लागे. शिपाई नसेल तर पाणी नाही. सरकारी नियमाने शाळा सर्वांना खुली होती आणि त्याच शाळेतला नळ मात्र बंद होता. १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, त्याची बीजे आपण इथे पाहू शकतो. १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेल्या ठरावात सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा यांच्याबरोबर शाळांचाही उल्लेख आहे. शाळा आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच.

घरीही तीच गत. न्हावी केस कापायला तयार नसे, म्हणून मोठी बहीण भावांचे केस कापायची. त्याच सुमारास वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर, तलावाच्या बांधकामावर रोखपाल म्हणून होते. १९०१ च्या उन्हाळी सुट्टीत भिवा, त्याचा मोठा भाऊ आणि दोन भाचे आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. वडिलांना पत्र वेळेवर न कळल्याने न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे समजताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल करूनही गाडीवान त्यांच्यासोबत बसायला तयार नव्हता. मुलांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे, असे ठरले. जेवण सोबत होते, पण पाणी मिळाले नाही, म्हणून ती रात्र मुलांनी उपाशी काढली. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकणारा, नीटनेटक्या कपड्यांतला हुशार मुलगाही जातीच्या नजरेतून सुटत नाही, हे त्या प्रवासाने त्याला शिकवले.

दोन शिक्षक

याच साताऱ्यात बाबासाहेबांना दोन चांगले शिक्षकही भेटले. त्यांचा उल्लेख त्यांनी मोठेपणी कृतज्ञतेने केला. एक होते आंबेडकर आडनावाचे ब्राह्मण शिक्षक. मधल्या सुट्टीत भिवाला जेवायला लांब घरी जावे लागू नये, म्हणून ते आपल्या डब्यातली भाजी-भाकरी त्याला देत. पुढे बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी निघाले, तेव्हा या शिक्षकांनी त्यांना प्रेमाचे पत्र पाठवले आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवले.

दुसरे शिक्षक पेंडसे. एकदा भिवा मुसळधार पावसात भिजत शाळेत आला. पेंडसे मास्तरांनी आपल्या मुलाबरोबर त्याला स्वतःच्या घरी पाठवले, अंघोळीला गरम पाणी आणि घालायला कोरडे कपडे देण्यास सांगितले. आज ही गोष्ट साधी वाटते. ज्या गावात नळाला हात लावायची बंदी होती, तिथे ब्राह्मणाच्या घरात अस्पृश्य मुलाला अंघोळीला पाठवणे साधे नव्हते.

'आंबेडकर' या आडनावाबद्दल चरित्रकारांमध्ये एकमत नाही. घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि त्याचे पुढे आंबेडकर झाले, असे एक मत. शिक्षकांनी आपले आडनाव शाळेच्या दप्तरात लावले, असे दुसरे मत. एवढे मात्र नक्की की ७ नोव्हेंबर १९०० च्या नोंदीत 'आंबेडकर' हेच आडनाव आहे. या दोन शिक्षकांचे मोठेपण मान्य करताना एक भान ठेवावे लागते. दोन भले मास्तर होते म्हणून ती व्यवस्था भली ठरत नाही. गोणपाट आणि शिपाई हा रोजचा नियम होता. डबा आणि कोरडे कपडे हा अपवाद होता.

शाळा सोडायच्या उंबरठ्यावर

बाबासाहेब लहानपणापासून अभ्यासात बुडालेले होते, असा अनेकांचा समज आहे. साताऱ्यातील एक प्रसंग वेगळेच सांगतो. साताऱ्याची काही मुले मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागली आहेत, असे भिवाच्या कानावर आले. आपणही मुंबईला जावे, गिरणीत काम करावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी पैसे हवे होते. आत्या कमरेला पैशाची पिशवी लावून झोपत असे. सलग तीन रात्री त्याने ती काढण्याचा प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर तिच्यात अवघा अर्धा आणा! त्या रात्री त्याला स्वतःचीच लाज वाटली. आता मन लावून अभ्यास करायचा आणि शिकूनच पायावर उभे राहायचे, असा निश्चय त्याने केला.

हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेला आहे. आत्याच्या पिशवीत चार-दोन रुपये असते, तर कदाचित एक गिरणी कामगार वाढला असता. गळती होणारी मुले मंद किंवा आळशी असतात, हा समज खोडून काढायला एवढा एक प्रसंग पुरेसा आहे. अपमान आणि गरिबी एकत्र आल्या की हुशार मुलालाही शाळेबाहेरची वाट जवळची वाटते.

बाबासाहेब ही गोष्ट विसरले नाहीत. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी गळतीचाच हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या दर १०० मुलांपैकी केवळ १८ मुले चौथीपर्यंत पोहोचतात, उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत ढकलली जातात, असे त्यांनी सभागृहाला सांगितले. शाळेत नाव घालणे पुरेसे नाही, मूल शाळेत टिकले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

साताऱ्याहून मुंबईला

भिवा १९०४ पर्यंत साताऱ्याच्या हायस्कूलमध्ये चौथी इंग्रजीपर्यंत शिकला. त्यानंतर कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत राहायला गेले. मुंबईत त्याने एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षण घेतले. तेही सरकारी हायस्कूलच. दोन्ही मुलांना शिकवणे परवडेना, म्हणून मोठा भाऊ आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागला. एका भावाचे शिक्षण दुसऱ्या भावाच्या पगारावर चालले. आपल्या समाजातील हजारो घरांची हीच कहाणी आहे.

एल्फिन्स्टनमध्ये संस्कृत शिकायची इच्छा असूनही त्याला पर्शियन घ्यावी लागली. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला. त्या निमित्ताने झालेल्या सत्कारात कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले भगवान बुद्धांचे चरित्र भेट दिले. साताऱ्यात सुरू झालेला हा शालेय प्रवास मुंबईत बुद्धचरित्राच्या भेटीपर्यंत येऊन पोहोचतो. बौद्ध समाजाच्या दृष्टीने हे दोन्ही टप्पे एकाच धाग्यात गुंफलेले आहेत.

सातारा : वसतिगृहांचा जिल्हा

प्रतापसिंह हायस्कूलचा इतिहास लिहिताना त्याच गावात पुढे काय घडले, हेही पाहिले पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ मध्ये संस्थेचे केंद्र साताऱ्यात आले. त्यांच्या वसतिगृहात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सर्व जातीधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत जेवत. १९२७ मध्ये या वसतिगृहाला गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

ज्या गावात १९०० साली एक मूल वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसत होते, त्याच गावात पंचवीस वर्षांत मुले एका पंक्तीला बसू लागली. हा बदल आपोआप झाला नाही. बाबासाहेबांनीही शिक्षणाचा विचार करताना वसतिगृहाला पहिले स्थान दिले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह सुरू केले. पुढे ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. सिद्धार्थ आणि मिलिंद ही बौद्ध परंपरेतील नावे शिक्षणसंस्थांना मिळाली, ती १९५६ च्या धर्मांतराच्या आधीच.

विद्यार्थी दिवस कसा सुरू झाला?

साताऱ्यातील कार्यकर्ते अनेक वर्षे ७ नोव्हेंबरला शाळाप्रवेश दिन साजरा करत होते. हा दिवस राज्यभर पाळला जावा, यासाठी त्यांनी सरकारकडे सातत्याने पाठपुरावा केला. अखेर २७ ऑक्टोबर २०१७ रोजी महाराष्ट्र शासनाच्या शालेय शिक्षण व क्रीडा विभागाने ७ नोव्हेंबर हा 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करण्याचा निर्णय काढला. या दिवशी शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांत बाबासाहेबांच्या जीवनावर व्याख्याने, निबंध, वक्तृत्व, काव्यवाचन असे उपक्रम घ्यावेत, असे त्यात म्हटले आहे.

या संदर्भात नेहमी होणाऱ्या काही चुका इथेच दुरुस्त करून घेऊ.

• बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेतून मॅट्रिक झाले, हे चूक आहे. ते एल्फिन्स्टन हायस्कूल, मुंबई येथून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले.

• ७ नोव्हेंबर हा त्यांचा शाळेतला पहिलाच दिवस, हे चूक आहे. तो हायस्कूलमधील प्रवेशाचा दिवस आहे.

• डबे फळ्यामागे ठेवले होते म्हणून भीमराव फळ्याजवळ जाताच मुलांनी गलका केला, हा प्रसंग साताऱ्याचा नाही, एल्फिन्स्टन हायस्कूलचा आहे.

• महाराष्ट्राचा ७ नोव्हेंबरचा विद्यार्थी दिवस आणि १७ नोव्हेंबरचा आंतरराष्ट्रीय विद्यार्थी दिन हे दोन वेगळे दिवस आहेत.

रजिस्टरचे मोल

क्रमांक १९१४ ची नोंद आज ऐतिहासिक दस्तऐवज आहे. पण शाळेचे जनरल रजिस्टर ही वस्तू केवळ थोरांच्या चरित्रासाठी नसते. आपल्या समाजातील प्रत्येक घराशी तिचा संबंध आहे. जातवैधता प्रमाणपत्रासाठी अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा जोडावा लागतो. तो बहुतेक वेळा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या दाखल्यातच सापडतो. धर्मांतरानंतर कोणाच्या दाखल्यावर 'महार', कोणाच्या 'नवबौद्ध', तर कोणाच्या 'बौद्ध' अशा नोंदी झाल्या. महाराष्ट्राने १९६० मध्ये बौद्धांना राज्यातील सवलती दिल्या. केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळायला मात्र १९९० पर्यंत थांबावे लागले. या सगळ्या प्रवासात शाळेच्या रजिस्टरमधील एक ओळ एखाद्या मुलाचे शिक्षण तारते, तर तीच ओळ वाळवीने खाल्ली असेल तर त्याचे वर्ष वाया जाते.

म्हणून प्रतापसिंह हायस्कूलने आपले रजिस्टर जपले, तसे प्रत्येक गावातील जिल्हा परिषद शाळेचे जुने रजिस्टर जपले गेले पाहिजे. त्यांचे डिजिटायझेशन झाले पाहिजे. विद्यार्थी दिवसाच्या दिवशी पुतळ्याला हार घालून झाल्यावर गावातील तरुणांनी मुख्याध्यापकांकडे एवढी चौकशी जरी केली, की आपल्या शाळेची १९५० पूर्वीची रजिस्टरे कुठे आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत, तरी मोठे काम होईल. आपल्या वस्तीतील पहिला शिकलेला मुलगा कोण, पहिली शिकलेली मुलगी कोण, हेही त्यातूनच कळेल.

स्मारक की शाळा?

प्रतापसिंह हायस्कूलचे जतन व्हावे, तिला राष्ट्रीय पातळीवर मान मिळावा, अशी मागणी वेळोवेळी होते. ती रास्तच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ही वास्तू केवळ बाबासाहेब इथे येऊन गेले म्हणून मोठी नाही. जातीमुळे इतर दारे बंद असताना सरकारी शाळेचे दार नियमाने उघडे होते, म्हणून ती मोठी आहे. उद्या तिथे भव्य स्मारक झाले आणि वर्ग मात्र ओस पडले, तर आपण इमारत वाचवली आणि शाळा गमावली, असे होईल.

आज मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांपुढे पटसंख्येचा प्रश्न आहे. ज्यांना परवडते ते आपली मुले खासगी इंग्रजी शाळेत घालतात. त्यात आपल्या समाजातील नोकरदार वर्गही मागे नाही. सरकारी शाळेत उरतात ती शेतमजूर, ऊसतोड कामगार, बांधकाम मजूर आणि झोपडपट्टीतील घरांची मुले, म्हणजे १९०० साली ज्यांच्यासाठी सरकारी शाळा हा एकमेव आधार होता, त्यांचेच आजचे वारस.

यात माध्यमिक शाळेची जागा विशेष महत्त्वाची आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांना, म्हणजे साधारण आठवीपर्यंत, मोफत शिक्षणाची हमी देतो. नववी-दहावी त्या हमीच्या बाहेर आहे. मुलीचे लग्न, मुलाची मजुरी, स्थलांतर, गावात हायस्कूल नसणे, एसटीची सोय नसणे या सगळ्या अडचणी नेमक्या याच वयात उभ्या राहतात. साताऱ्यात भिवाला गिरणीची वाट खुणावत होती ती हायस्कूलच्याच दिवसांत. आज गिरण्या नाहीत. त्यांची जागा वीटभट्टी, हॉटेल आणि डिलिव्हरीच्या कामाने घेतली आहे. वाट मात्र तीच आहे.

शाळा टिकवायची असेल, तर काही गोष्टी आपल्या हातात आहेत. गावातील आठवी पास झालेली किती मुले नववीत दाखल झाली, याची यादी विहार समितीने दरवर्षी जूनमध्ये करावी. जी गैरहजर असतील त्यांच्या घरी जावे. शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरले जातात का, समाजकल्याणच्या वसतिगृहात जागा आहेत का, हे पाहावे. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक असावेत आणि त्यांनी बैठकीला जावे. शाळेत पिण्याचे पाणी आणि मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, हा प्रश्न त्यांनी विचारावा. ज्या शाळेच्या इतिहासात पाण्याचा नळ एवढा महत्त्वाचा आहे, त्या शाळेचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी तो विचारायलाच हवा.

रजिस्टर क्रमांक १९१४ च्या आधी १९१३ मुलांची नावे आहेत आणि नंतरही हजारो आहेत. त्या सगळ्यांची चरित्रे लिहिली गेली नाहीत. पण एका सरकारी शाळेने एका मुलाचे नाव लिहून घेतले आणि तो मुलगा टिकला, म्हणून या देशाला संविधानाचा शिल्पकार मिळाला. येत्या जूनमध्ये तुमच्या गावातील हायस्कूलच्या नववीच्या वर्गात कोणाकोणाची नावे लिहिली जाणार आहेत आणि कोणाची राहून जाणार आहेत, हे शोधून काढणे हेच विद्यार्थी दिवसाचे खरे काम आहे.